भिंतीला चिकटलेला निरोप

पायात बाभळीचा काटा मोडला आणि टोक आतच राहिलं, की रात्री ठणका सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पू धरतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल जातीच्या. पुवाला कधी कधी जी हिरवट झाक दिसते, तीही या पेशींच्या पोटातल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमची. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, हे शाळेत सगळेच शिकतात. मात्र त्या काट्यापर्यंत पोचतात कशा, हा प्रश्न तिथं सहसा कुणी विचारत नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे.

काटा आहे रक्तवाहिनीच्या बाहेर, मांसात. न्यूट्रोफिल आहे रक्तवाहिनीच्या आत, आणि तीही स्वस्थ बसलेली नाही. पायातल्या बारीक शिरेतून ती सेकंदाला साधारण मिलिमीटरभर वेगानं वाहत असते. काट्याच्या बाजूनं जाणारी शीर मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीची, म्हणजे काट्याच्या शेजारी ती सेकंद-दोन सेकंदच असणार. तेवढ्यात तिला उमगलं पाहिजे की इथं काही बिघडलंय, वाहत्या रक्ताचा रेटा सोसून तिथंच थांबलं पाहिजे, आणि भिंतीतून बाहेर पडलं पाहिजे. शिवाय शरीरात इतरत्र, जिथं काटा नाही, तिथं यातलं काहीही घडता कामा नये.

याचं थोडक्यात उत्तर असं, की काट्याचा पत्ता लागतो तो रक्तवाहिनीच्या अस्तराला. हे अस्तर म्हणजे रक्ताला लागून असलेला पेशींचा एकच पातळ थर, काही ठिकाणी जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी. हा थर आपल्या रक्ताकडच्या अंगावर काही रसायनं मांडून ठेवतो आणि जवळून जाणाऱ्या पांढऱ्या पेशीला आधी धरतो, मग जागं करतो. 'मांडून ठेवतो' हे शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. ही रसायनं अस्तरानं रक्तात सोडून दिली असती, तर मिनिटभरात ती अंगभर फिरली असती आणि पायातल्या काट्यासाठी फुप्फुसातल्या पेशी खवळून उठल्या असत्या.

हे समजायला दीडशे वर्षं लागली, आणि त्यातला बराच काळ चुकीच्या पात्राकडे बघण्यात गेला.

१८४६ मध्ये ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरानं बेडकाची जीभ ताणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या बाहेर पडताना पाहिल्या. त्याच्या निरीक्षणाची कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढं वैद्यकविश्वावर बर्लिनच्या रुडॉल्फ विर्शोचा दबदबा निर्माण झाला, आणि पुवातल्या पेशी जखमेच्या जागीच तयार होतात असं त्याचं म्हणणं होतं. १८६७ मध्ये त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या यूलियुस कोनहाइम या तरुणानं गुरूच्या म्हणण्याला छेद दिला. त्यानं बेडकाच्या आतड्याची घडी बाहेर काढली. आतड्याला धरून ठेवणारा पडदा इतका पारदर्शक असतो, की त्यातल्या शिरा जिवंतपणी दिसतात. हवा लागली की या पडद्याला आपोआप सूज येते, वेगळी इजा करावी लागत नाही. कोनहाइम तासन् तास बघत बसला. आधी वाहिन्या फुगल्या. मग प्रवाह मंदावला. मग बारीक शिरांच्या आतल्या बाजूनं पांढऱ्या पेशींची रांग लागली, काही सरपटत होत्या, काही जागीच थांबलेल्या. मग शिरेच्या बाहेरच्या अंगाला बारीकसा फुगवटा आला, तो वाढत गेला, आणि शेवटी एक आख्खी पेशी बाहेर येऊन मोकळी झाली. भिंतीला भोक कुठंही दिसत नव्हतं.

त्यानं यावरून काढलेला निष्कर्ष मला त्या निरीक्षणापेक्षाही मोठा वाटतो. तो म्हणाला की सुजेत मूळ बदल होतो तो वाहिनीच्या भिंतीत. नेमका काय बदल, हे दाखवण्याचं कुठलंही साधन त्याच्याकडे नव्हतं. १८८४ मध्ये पंचेचाळिशीतच तो वारला.

त्याच सुमारास इल्या मेच्निकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञानं नाट्याचा मोहरा दुसरीकडे वळवला. १८८२ च्या हिवाळ्यात सिसिलीतल्या मेसिना इथं, घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले असताना, त्यानं तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती भटक्या पेशींचा घोळका जमला होता. पेशी जंतूंना गिळतात हा सिद्धांत यातून उभा राहिला आणि १९०८ चं नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. आता यातली मेख बघा. तारामाशाच्या डिंभकाला रक्तवाहिन्याच नसतात. मेच्निकॉव्हनं तर याच गोष्टीचा आधार घेऊन सांगितलं, की सुजेत मुख्य काय ते पेशी, वाहिन्या दुय्यम. तारामाशापुरतं ते बरोबरच होतं. माणसाच्या शरीरात मात्र काट्यापाशी जमण्याआधी पेशीला वाहत्या रक्तातून उतरावं लागतं, आणि तो भाग या प्रयोगात नव्हताच. मेच्निकॉव्हची पेशी इतकी आकर्षक नायिका ठरली, की पुढची कित्येक दशकं रक्तवाहिनीचं अस्तर हा नुसता निर्जीव कागद आहे अशा थाटात सगळे वावरत राहिले.

त्या कागदात काहीतरी आहे याचा पहिला पुरावा १९६४ मध्ये मिळाला. एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे या दोघांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या पेशींत लांबट, काडीसारख्या पिशव्या दिसल्या. त्या कशासाठी आहेत, हे त्यांना सांगता आलं नाही. पलाडेला पुढं १९७४ मध्ये पेशीच्या अंतर्रचनेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. या काड्यांचं काम उलगडायला मात्र ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी आधी अस्तराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवता यायला हव्या होत्या. १९७३ च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये आणि पाठोपाठ बॉस्टनमध्ये ते जमलं. पेशी कुठून मिळाल्या? बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून. नाळेतली शीर चांगली रुंद असते, तिचं अस्तर सोडवून घेणं सोपं जातं, आणि प्रसूतिगृहात नाळेला तोटा नसतो. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत रक्तवाहिन्यांवरचं निम्म्याहून अधिक ज्ञान या टाकाऊ मालावर उभं आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. अशाच पेशींवर काम करताना १९८५ मध्ये बॉस्टनच्या मायकेल बेव्हिलाक्वा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की इंटरल्युकिन-१ हे सुजेतलं रसायन अस्तराला दिलं तर अस्तर पांढऱ्या पेशींना चिकट बनतं. कोनहाइमनं अंदाजानं सांगितलेला भिंतीतला बदल आता हाताला लागू लागला होता.

आता पुन्हा काट्याकडे येऊ, आणि या वेळी मिनिटांच्या हिशेबानं.

काटा घुसताच आसपासच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. रक्त सांडलं असेल तर गोठण्याच्या प्रक्रियेतून थ्रॉम्बिन तयार होतं. ही दोन्ही रसायनं अस्तराच्या पेशीपर्यंत पोचली की वायबेल आणि पलाडे यांनी पाहिलेल्या त्या काड्या पृष्ठभागाकडे सरकतात आणि पेशीच्या पटलात मिसळून जातात. काड्यांच्या आतल्या भिंतीवर पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन आधीच तयार करून ठेवलेलं असतं. काडी उघडली की ते थेट रक्ताच्या बाजूला उभं राहतं. नवीन काही बनवायचं नसल्यामुळे हे सगळं काही मिनिटांत उरकतं. पाच-दहा मिनिटांनी पेशी ते पुन्हा आत ओढून घ्यायला लागते, म्हणजे पहिली हाक ही मुळातच अल्पायुषी.

या हाकेला ओ देणारं प्रथिन न्यूट्रोफिलच्या अंगावर कायमच असतं. तिच्या पृष्ठभागावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या टोकाला हे प्रथिन बसलेलं असतं. सिलेक्टिन त्या प्रथिनाला पकडतं ते त्याच्यावर जडवलेल्या साखरेच्या एका छोट्या फांदीला. या फांदीतली फ्यूकोज नावाची साखर लक्षात ठेवा, पुढं ती परळपर्यंत जाणार आहे.

बारीक शिरांमध्ये तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यावरून जातात आणि पांढऱ्या पेशी कडेला ढकलल्या जातात. त्यामुळे न्यूट्रोफिल भिंतीला घासत असतेच. सिलेक्टिननं तिला पकडलं की ती थांबत नाही, गडगडायला लागते. मागचा बंध सुटतो, पुढचा जुळतो, तो सुटतो, त्याच्या पुढचा जुळतो. वेग दहा पटींहून अधिक घटतो. आता एक चमत्कारिक गोष्ट. कुठलाही बंध ओढला तर लवकर तुटावा, ही सामान्य अपेक्षा. सिलेक्टिनचा बंध एका मर्यादेपर्यंत ओढला तर उलट जास्त काळ टिकतो. गुरं बांधताना टाकलेला सरफास ओढला की जसा आवळत जातो, तसंच काहीसं. हे २००३ मध्ये एकेका रेणूवर ताण देऊन मोजून दाखवलं गेलं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की या पकडीला रक्ताचा प्रवाहच लागतो. प्रवाह फार मंदावला तर पकड सैल होते. रक्त स्थिर असताना पांढऱ्या पेशी उगाच भिंतीला चिकटून राहत नाहीत, यामागं हेही एक कारण असावं.

पण गडगडणारी पेशी अजून जागी झालेली नाही. सिलेक्टिननं तिला फक्त हळू केलंय. आसपास दुसरा संकेत मिळाला नाही, तर ती थोडं अंतर गडगडून पुन्हा प्रवाहात मिसळते आणि निघून जाते. धरणं आणि जागं करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यासाठी वेगळे रेणू आहेत. या विषयातली मध्यवर्ती गोष्ट कुठली असं मला कुणी विचारलं, तर मी याच फरकाकडे बोट दाखवीन.

जागं करणाऱ्या रेणूंपैकी पहिला म्हणजे प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेटिंग फॅक्टर, संशोधकांच्या बोलण्यात नुसतं 'पॅफ'. १९७२ मध्ये फ्रान्सच्या जाक बेनव्हेनिस्तनं हे नाव दिलं, कारण तो प्लेटलेटवर काम करत होता. हा रेणू प्रथिन नाही, पेशीच्या पटलातल्याच स्निग्ध पदार्थापासून घडवलेला छोटासा मेदरेणू आहे. त्याची रचना १९७९ मध्ये कळली. (हाच तो बेनव्हेनिस्त, ज्यानं १९८८ मध्ये पाण्याला स्मरणशक्ती असते असा दावा केला. 'नेचर'नं तो छापला आणि मग त्याच्या प्रयोगशाळेत तपासणी पथक पाठवलं, ज्यात एक जादूगारही होता. दावा टिकला नाही. होमिओपॅथीच्या वादांत त्याचं नाव अजून निघतं, पॅफच्या कामासाठी मात्र फार थोड्यांना आठवतं. एकाच माणसाच्या हातून दोन्ही गोष्टी झाल्या.)

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या एका गटानं ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला पॅफचा पिच्छा पुरवला. नाळेतल्या अस्तरपेशींना हिस्टामिन किंवा थ्रॉम्बिन दिलं की त्या पॅफ बनवतात, हे त्यांना दिसलं. पण भोवतालच्या द्रवात शोधलं तर पॅफ जवळजवळ सापडत नव्हतं. ते पेशीलाच चिकटून होतं. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सगळा जोड लागला. पी-सिलेक्टिन आणि पॅफ दोन्ही एकाच अस्तरपेशीवर, जवळपास एकाच वेळी, काही मिनिटांत अवतरतात. सिलेक्टिन न्यूट्रोफिलला धरून जवळ आणतं, आणि तेवढ्या जवळिकीत पॅफ तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, टेकतं. सिलेक्टिन झाकलं तर चिकटणं घटतं. पॅफचा ग्राहक बंद केला तर पेशी धरली जाते पण पुरती जागी होत नाही. आणि चुकून थोडं पॅफ रक्तात निसटलंच, तर ते नष्ट करणारं एन्झाइम रक्तद्रवात तयारच असतं. निरोप भिंतीवरच राहावा याची दुहेरी व्यवस्था झाली.

दुसरा जागं करणारा रेणू म्हणजे इंटरल्युकिन-८, १९८७ च्या आसपास सापडलेलं छोटं प्रथिन. हे भिंतीवर ठेवण्याची तऱ्हा आणखी खुबीची आहे. काट्याजवळच्या मॅक्रोफेज पेशी ते बाहेर, मांसाच्या बाजूला बनवतात. अस्तराची पेशी ते बाहेरच्या अंगानं उचलते, आपल्या पोटातून पलीकडे नेते आणि रक्ताकडच्या अंगावर मांडते. तिथं हेपरान सल्फेट नावाच्या लांब साखरसाखळ्यांचं रान असतं. इंटरल्युकिन-८ वर धनभार, साखळ्यांवर ऋणभार, त्यामुळे ते त्यांना धरून राहतं आणि वाहून जात नाही. अस्तर स्वतःही इंटरल्युकिन-८ बनवू शकतं, आणि एकदा सूज अनुभवलेल्या अस्तराच्या त्या लांबट काड्यांत ते साठवलेलंही सापडतं.

पॅफ किंवा इंटरल्युकिन-८ ग्राहकाला टेकलं की न्यूट्रोफिलच्या आत काय होतं? तिच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. एरवी ती गुडघ्यात मोडून खाली वाकलेली, म्हणून निरुपयोगी. आतून इशारा आला की ती ताठ उभी राहतात आणि त्यांचं टोक उघडतं. याला सेकंदाचा अंश पुरतो, आणि तेवढ्यातच हे घडणं भागही आहे. ताठ झालेलं इंटेग्रिन अस्तरावरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतं. गडगडणं थांबतं. गोल पेशी पसरते, तिला पुढची आणि मागची बाजू येते, आणि ती चालायला लागते. तिच्या पोटातली जंतुनाशक रसायनं अजून बाहेर पडलेली नसतात, पण ती आता 'तयार' असते. पुढं जंतू भेटला तर जाग न आलेल्या पेशीपेक्षा ती कितीतरी जोरकस हल्ला करते.

धरणं आणि थांबणं यांची फारकत सगळ्यात स्वच्छ दाखवली ती मायकेल लॉरेन्स आणि टिमोथी स्प्रिंगर यांनी, तीही १९९१ मध्येच. त्यांनी अस्तरपेशी वापरल्याच नाहीत. काचेवर कृत्रिम मेदपटल पसरून त्यात फक्त पी-सिलेक्टिन रोवलं आणि वरून न्यूट्रोफिल वाहत्या द्रवात सोडल्या. त्या गडगडल्या, थांबल्या नाहीत. फक्त आयकॅम-१ रोवलं तर प्रवाहात त्या पकडल्याही गेल्या नाहीत. दोन्ही रोवली आणि द्रवात जागं करणारं रसायन घातलं, तेव्हा त्या गडगडता गडगडता खाडकन थांबल्या. इतका देखणा, इतका कमी सामानाचा प्रयोग जीवशास्त्रात क्वचित बघायला मिळतो.

बाहेर पडण्याचं काम तुलनेनं सरळ आहे. पेशी भिंतीवरून सरपटत दोन अस्तरपेशींच्या सांध्यापाशी येते. सांध्यातली प्रथिनं तिला वाट देतात आणि ती निघाल्यावर सांधा पुन्हा मिटतो. कोनहाइमला भोक दिसलं नाही, ते याचमुळे.

पहिल्या काही मिनिटांचा हा खेळ पी-सिलेक्टिन आणि पॅफवर चालतो. काटा निघाला नाही, जंतू वाढू लागले, तर मॅक्रोफेज पेशी इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ सोडतात. मग अस्तर आपली जनुकं चालू करून ई-सिलेक्टिन हे दुसरं प्रथिन नव्यानं बनवायला घेतं. ते तास-दोन तासांत दिसू लागतं आणि चार-सहा तासांनी भरात येतं. शिवाय आयकॅमही वाढतं. संध्याकाळी शेतात मोडलेला काटा मध्यरात्री ठणकायला लागतो, त्याचा या वेळापत्रकाशी संबंध आहे. त्यानंतर दिवसाभरानं न्यूट्रोफिल कमी होत जातात आणि मोनोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी यायला लागतात, तेही भिंतीवरची प्रथिनं बदलतात म्हणूनच.

या साखळीतली एखादी कडी जन्मतःच नसेल तर काय होतं, हे काही दुर्दैवी बाळांनी दाखवलं. बाळाची नाळ साधारण आठवडा-दोन आठवड्यांत सुकून पडते. तिच्या पडण्यातही न्यूट्रोफिलचा हात असतो. काही बाळांची नाळ महिना उलटला तरी पडत नाही, बेंबी सुजते, त्वचेवर आणि हिरड्यांत वारंवार संसर्ग होतात, आणि विलक्षण गोष्ट म्हणजे पू होत नाही. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरमसाट. निरोगी प्रौढांत मायक्रोलीटरमागं चार ते अकरा हजार असणारा आकडा या मुलांत संसर्गाच्या वेळी लाखावरही जातो. पेशी आहेत, निरोगी दिसतात, संकेतही मिळतो, पण त्यांच्या इंटेग्रिनचा एक भाग सदोष आहे. त्यामुळे त्या थांबू शकत नाहीत आणि रक्तातच फिरत राहतात. या आजाराला एलएडी-१ म्हणतात. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं नाही तर मूल सहसा फार जगत नाही.

हाच दोष गाईंत सापडला तेव्हा त्याची व्याप्ती धक्कादायक होती. १९५२ मध्ये अमेरिकेत जन्मलेला ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो नावाचा होल्स्टीन वळू दुधाळ वंशासाठी इतका नावाजला, की त्याचं आणि त्याच्या मुलांचं वीर्य कृत्रिम रेतनातून जगभर गेलं. त्याच्याबरोबर सदोष इंटेग्रिनचं जनुकही गेलं. नव्वदीच्या सुरुवातीला चाचणी निघाली, तेव्हा अमेरिकेतल्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे चौदा टक्के हे जनुक वाहत होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांत आज उभ्या असलेल्या 'एचएफ' संकरित गाई याच वंशाच्या. म्हणूनच आपल्याकडेही गोठित वीर्य केंद्रांवरच्या वळूंची ही चाचणी करतात. जोडीची दोन्ही जनुकं सदोष असलेलं वासरू सहसा वर्षभरही काढत नाही.

आता ती फ्यूकोज. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. वारंवार संसर्ग, पू नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि त्याबरोबर वाढ खुंटलेली, बुद्धी मंद. इंटेग्रिन तपासली तर ती ठणठणीत होती. सुगावा रक्तगटानं दिला. दोन्ही मुलांचा रक्तगट होता बॉम्बे. हा गट १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला होता. तांबड्या पेशीवर ए, बी किंवा ओ गटाची खूण उमटायला एका साखरसाखळीच्या टोकाला फ्यूकोज जोडावी लागते. बॉम्बे गटात ती जोडलेलीच नसते. न्यूट्रोफिलच्या अंगावरच्या ज्या साखरेला सिलेक्टिन धरतं, तिच्यातही फ्यूकोजच. दोन असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टींचं मूळ एकच निघालं. या मुलांच्या पेशींत फ्यूकोज योग्य जागी पोचतच नव्हती, म्हणून तांबड्या पेशीवर खूण नाही आणि पांढरी पेशी गडगडत नाही. २००१ मध्ये दोन गटांनी फ्यूकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला दोष शोधून काढला. या आजाराच्या एका तुर्की वंशाच्या मुलाला जर्मनीत तोंडानं फ्यूकोज देऊन बघितली, तर त्याचे संसर्ग थांबले. इस्रायलच्या मुलांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

इथं एक खुलासा हवाच, कारण भारतात दहा हजारांत एकाचा रक्तगट बॉम्बे असतो. अशा व्यक्तींना हा आजार नसतो. त्यांच्या तांबड्या पेशींवर फ्यूकोज जोडणारं एन्झाइम बिघडलेलं असतं, पांढऱ्या पेशींवर ती जोडणारं एन्झाइम वेगळं आणि शाबूत. त्यांना फक्त रक्त घेताना आपल्याच गटाचा दाता शोधावा लागतो. केईएमच्याच आवारात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीएमआरच्या एनआयआयएचमध्ये, आता एलएडीचं निदानही होतं.

भिंतीचा हाच निरोप नको तिथं, नको तेवढा दिला गेला तर तो घातक. सेप्सिसमध्ये जंतूंची विषं रक्तभर पसरतात आणि सगळ्या शरीरातलं अस्तर एकाच वेळी हाक मारतं. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या असह्य वेदनांच्या झटक्याला विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी जबाबदार, एवढंच सहसा सांगितलं जातं. पण बारीक शिरेत आधी पांढऱ्या पेशी पी-सिलेक्टिनला चिकटतात आणि तांबड्या पेशी त्यांना अडकतात, हाही त्यातला मोठा भाग आहे. म्हणून पी-सिलेक्टिन झाकणारं क्रिझानलिझुमॅब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. नंतरच्या मोठ्या चाचणीत ते न देण्यापेक्षा सरस ठरलं नाही आणि २०२३ मध्ये युरोपनं त्याची मंजुरी काढून घेतली.

या क्षेत्रात अशी अपयशं ढिगानं आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर इंटेग्रिन बंद करून बघितलं, स्वादुपिंडाच्या सुजेत पॅफचा ग्राहक बंद करून बघितला, दोन्हींतून हाती काही लागलं नाही. त्याचं एक कारण उघड आहे: रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत मिनिटांचा तो पहिला खेळ संपलेला असतो. दुसरं कारण जास्त गंभीर. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पांढऱ्या पेशींनी मेंदूत शिरू नये म्हणून त्यांचं एक इंटेग्रिन झाकणारं नॅटालिझुमॅब २००४ मध्ये बाजारात आलं आणि चांगलं लागू पडलं. पण मेंदूत पेशी शिरेनात, तेव्हा एरवी दबून असलेल्या जेसी विषाणूनं काही रुग्णांचा मेंदू पोखरला. २००५ मध्ये औषध मागं घेतलं गेलं, आणि २००६ मध्ये कडक देखरेखीखाली परत आणलं.

यातून निघालेली जास्त शहाणपणाची वाट म्हणजे वेडोलिझुमॅब, २०१४ मध्ये मंजूर झालेलं. आतड्यातल्या शिरांच्या अस्तरावर मॅडकॅम नावाचं एक प्रथिन असतं, जे मेंदूतल्या शिरांवर नसतं. पांढऱ्या पेशीचं जे इंटेग्रिन या मॅडकॅमला धरतं, नेमकं तेवढंच हे औषध झाकतं. त्यामुळे आतड्याची सूज कमी होते आणि मेंदूकडची वाट खुली राहते. फुप्फुसांची तऱ्हा तर आणखीनच निराळी आहे. तिथल्या केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षा अरुंद असतात, पेशीला अंग चोरून, लांबट होऊनच पुढं सरकावं लागतं. तिथं तिला हळू करायला सिलेक्टिन लागतच नाही. जागी झालेली, ताठरलेली पेशी तिथं नुसती अडकून बसते, आणि सेप्सिसच्या रुग्णाला अतिदक्षता विभागात अनेकदा व्हेंटिलेटर लागतो, त्यामागचं हे एक कारण आहे.